गच्चीवरचा तुझा नियम

कुमुदबाई, तुझ्या शोकसभेत मी एक शब्दही बोलले नाही. लोकांना वाटलं, म्हातारी दुःखात आहे. दुःखात होतेच. पण गप्प बसले ती रागाने.

खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर तुझा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. फोटो तुझ्या लेकीने निवडलेला. त्यात तू तोंडभर हसते आहेस. तुला असं हसताना मी एकदाच पाहिलं, आणि ते कशावरून ते तुला माहीत आहे. एकेक जण उठून बोलला. बाई शिस्तीच्या, बाई शब्दाच्या पक्क्या, बाई होत्या म्हणून लिफ्ट वेळेवर दुरुस्त व्हायची. सगळं खरं. शेवटी सावंत उठला. तू अंथरुणाला खिळल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम तोच बघतो. माणूस वाईट नाही, पण हातात माइक आला की त्याला थांबता येत नाही. तो म्हणाला, "बाईंनी घालून दिलेले नियम जसेच्या तसे पाळणं, हीच त्यांना खरी श्रद्धांजली. त्यातला एकही नियम आपण बदलणार नाही."

सगळ्यांच्या माना डोलल्या. माझ्या शेजारी तुझी लेक नीलिमा बसली होती, तिनेही डोळे पुसले.

त्यातला एक नियम तू स्वतः बदलणार होतीस. हे त्या पार्किंगमध्ये मला एकटीला माहीत होतं. आणि तो नियम माझ्यामुळे झालेला, माझ्याच विरुद्धचा. मी तिथे उठून तसं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईची राख थंड झाली नाही तोवर हिला बोंबील आठवले.

म्हणून तेव्हा गप्प बसले. आता तुलाच सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत. बोलताना माझं हाय-नाय चालतं, पण लिहिताना नीट लिहायचं, हे तूच माझ्या मागे लागून करून घेतलंस. तरी चुका सापडल्या तर काढू नकोस. आता लाल पेन तुझ्याकडे नाही.

आपली ओळख भांडणाने झाली हे शोकसभेत कोणी बोललं नाही. ही इमारत उभी आहे ती आमच्या भाताच्या खाचरावर. कोन गावाच्या बाजूला मोठा रस्ता आला, मागोमाग बिल्डर आला, आणि माझ्या मुलाने जमीन देऊन बदल्यात फ्लॅट घेतले. जिथे लावणी करताना माझी कंबर मोडायची, तिथे आता लोक गाडी कोणाची कुठे लागते यावरून भांडतात. तू मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, लेक पुण्याला. तू आमच्याच मजल्यावर फ्लॅट घेतलास, आणि वर्षभरात लोकांनी तुला सेक्रेटरी केलं, कारण दुसऱ्या कोणाला ते काम नको होतं.

माझं माहेर समुद्रकाठच्या मोऱ्याचं. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून मे महिन्यात सुकी मासळी भरून ठेवायची, तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून माझी आगोट चुकली नाही. नवरा गेला त्या वर्षीही नाही. भाचा मोऱ्याच्या धक्क्यावरून ताजे बोंबील आणि जवळा पाठवतो. बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकायचे, जवळा खाली कापडावर पसरायचा. पूर्वी हे अंगणात चालायचं. अंगण गेलं तेव्हा मी गच्ची धरली. आमच्या खिडक्यांना ऊन येत नाही, हे तूही पाहिलं आहेस.

पहिल्या वर्षी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी प्लंबरने पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं ठेवलं, आणि एका कावळ्याने माझ्या दोरीवरचा बोंबील उचलून नेमका टाकीत टाकला. सगळ्या इमारतीच्या नळाला वास. प्लंबरला कोणी काही म्हटलं नाही, कावळ्यालाही नाही. नाव झालं माझं. मग सोसायटीच्या फळ्यावर तुझा कागद लागला. गच्चीवर मासळी सुकवू नये, सर्व सभासदांनी नियमाचे पालन करावे, खाली तुझी वळणदार सही.

मी तो कागद वाचला आणि पुढच्या आठवड्यात दोरी बांधली. तू नाकाला पदर लावून वर आलीस.

"आजी, हे काढा. नियम आहे."

"तू कोन मना आजी बोलनारी? तुज्या-माज्या वयात काय फरक हाय?"

"बरं, ताई. पण काढा."

"ह्या गच्चीखाली माजी जमीन हाय."

"जमीन होती," तू म्हणालीस. "आता गच्ची सगळ्यांची आहे."

उत्तर बरोबर होतं म्हणून मला जास्त राग आला. तेव्हापासून मी तुला अगं-तुगं केलं. तू मला अहो-जाहो करत राहिलीस आणि दंडाच्या नोटिसा पाठवत राहिलीस. नोटिशीत मी श्रीमती होते. आयुष्यात मला श्रीमती म्हणणारी तू पहिली, तेही दंड लावताना.

आणि त्याच मे महिन्यात ते झालं. मी पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. दुपारी एकदम आभाळ भरून आलं. तू माझ्या दोरीचा फोटो काढायला गच्चीवर गेली होतीस, पुराव्यासाठी. थेंब पडायला लागले. इतर कोणी असतं तर फोटो काढून खाली आलं असतं. तू, जिच्या घरात सात पिढ्यांत कोणी मासळीला हात लावला नाही, तू एकेक बोंबील हाताने काढलास. जवळा ओंजळीने भरलास. आणि सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून वर घट्ट गाठ मारलीस. मग ती पिशवी माझ्या दाराला अडकवून घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केलीस. हे मला नीलिमाने नंतर सांगितलं.

मी उशिरा आले. पिशवी उघडली तर आतून वाफ आली. अर्धे सुकलेले, ओलसर बोंबील, त्यात उकाडा, वर प्लास्टिक. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्याला बुरशी. आमच्यातल्या लहान पोरीलाही कळतं की बोंबील काढला की कापडात ठेवायचा आणि वारा द्यायचा. सबंध आगोट गेली.

त्याच संध्याकाळी मी ती पिशवी घेऊन तुझ्या दारात आले ती भांडायलाच. तू दार उघडलंस. केस ओले, अंगाला चंदनाच्या साबणाचा वास, आणि चेहऱ्यावर बक्षीस मिळालेल्या मुलीसारखा आनंद. म्हणालीस, "भिजू दिले नाहीत हं मी."

मी म्हटलं, "बरं केलंस." आणि पिशवी पाठीमागे धरून घरी आले. ती मासळी नासली हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं.

त्यानंतर माझी नात स्वरा तुझ्याकडे इंग्रजीला यायला लागली. तिला एकटीला यायची भीती वाटायची, तू दिसायचीसच तशी, म्हणून मी सोबत बसायचे. भाजी निवडायला घेऊन यायचे. कान मात्र तुमच्याकडे. एक दिवस धड्यात शब्द आला, ओबे. तू वहीत लिहिलास. मुलं आईवडिलांना ओबे करतात. आपण रहदारीच्या नियमांना ओबे करतो. शिपाई साहेबाला ओबे करतो. स्वराने विचारलं, म्हणजे काय? तू म्हणालीस, आज्ञा पाळणे, नियम पाळणे, सांगितलेलं ऐकणे.

मी मेथी बाजूला ठेवली. "तीन-तीन अर्थ?"

"तीन नाहीत, एकच आहे."

"एक कसा? नियम पाळतात. माणसाचं ऐकतात. ह्या दोन गोष्टी हायत."

तू म्हणालीस, इंग्रजीत एकच. समोर माणूस असो, कायदा असो, देव असो, शब्द तोच. आणि त्याच्यापुढे 'टू' लावायचं नाही, सगळी मुलं तीच चूक करतात. मी म्हटलं, टू-बीचं तू बघ, मना हे सांग, दोन वेगळ्या कामांना एक शब्द पुरतो कसा? माणसाचं ऐकताना मी त्याच्या तोंडाकडे बघते. तो दमलाय का, चिडलाय का, बरोबर बोलतोय का, ते बघते. मध्येच बोलते. तोही कधी माझं ऐकतो. तुझा कागद माझं ऐकतो का? फळ्यावरच्या कागदाला मी सांगितलं की झाकण प्लंबरने उघडं ठेवलं होतं, तर तो कागद काय म्हणेल?

तू म्हणालीस, म्हणूनच नियम बरा. तो सगळ्यांना सारखा. त्याला कोणाचं तोंड दिसत नाही, म्हणून तो कोणाचं तोंड बघून बदलत नाही. शाळेत मी हेच केलं. हुशार मुलाला एक न्याय आणि बावळटाला दुसरा, असं कधी केलं नाही.

हेही बरोबर होतं. तुझी ही खोड वाईट होती, बाई. भांडताना तू बरोबर असायचीस.

स्वरा आपल्या दोघींकडे टेनिस बघितल्यासारखी बघत होती. तू तिला म्हणालीस, ओबे वापरून स्वतःचं एक वाक्य कर. पोरगी माझीच. तिने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. 'आजीज बोंबील डू नॉट ओबे द रूल.' तेव्हा तू हसलीस. खुर्चीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नीलिमा त्या दिवशी आलेली होती, तिने स्वयंपाकघराच्या दारातून तुझा फोटो काढला. टेबलावर हारात ठेवला होता तो हाच.

तो वाद आपण पुढे कितीतरी दिवस चालवला. कधी तुझ्या घरी, कधी जिन्यात. एकदा मी तुला विचारलं की नवऱ्याचं काय, त्याला ओबे करायचं का? तू म्हणालीस, पूर्वी तसं म्हणत. मग आपण होऊन सांगितलंस की तुला पेटी वाजवायचा नाद होता आणि लग्नानंतर नवऱ्याने सांगितलं, घरात हे चालणार नाही. तू पेटी बंद केलीस ती केलीस.

मी म्हटलं, "तो तर गेला की. आता कोनाचं ऐकतेस?"

तू पदराचं टोक सारखं करायला लागलीस.

"मेलेल्या मानसाचं ऐकायचं नसतं, बाई. त्याला उलट विचारता येत नाय, नि तो आपलं म्हननं मागं घेत नाय."

मी बोलते ती बोलते, माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. पुढचे काही दिवस तू माझ्याशी कामापुरतं बोललीस. मग एका दुपारी तुझ्या घरातून आवाज आला. भाता फाटलेला, सूर कमी आणि हवा जास्त, पण तू वाजवत होतीस. मी दार वाजवलं नाही. दाराबाहेर पायरीवर लसूण सोलत बसले. तुला हे माहीत नव्हतं. चांगलं वाजवत नव्हतीस, पण मी सगळं ऐकलं.

गेल्या वर्षी मे महिना तोंडावर आला तेव्हा तू माझ्याकडे आलीस. पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात बसलीस. म्हणालीस, "चांगुणाताई, ह्या वर्षी दोरी बांधू नका."

मी म्हटलं, दरवर्षी सांगतेस, दरवर्षी बांधते.

तू म्हणालीस की ह्या वर्षी वेगळं आहे. नियम तूच बदलणार होतीस. मीटिंगमध्ये स्वतः मांडणार होतीस. फक्त मे महिना. टाकीपासून लांब, पूर्वेचा कोपरा. वरून जाळी. संध्याकाळी सगळं खाली. तू बोटांवर एकेक मोजून सांगितलंस. मला वाटलं, मग अडचण काय? तू म्हणालीस, अडचण ही की तुम्ही दोरी बांधलीत आणि मी नियम बदलायला उभी राहिले, तर लोक म्हणतील ह्या बाईने मोडणाऱ्यापुढे मान तुकवली. आधी पाळा. मग मी हक्काने बदलते.

"मंजे तुज्यासाठी पालू."

"माझ्यासाठी मुळीच नाही," तू चिडलीस. "नियम आहे म्हणून पाळा. मला त्यात आणू नका."

मी हो म्हटलं. तुला वाटलं, शेवटी म्हातारीला नियमाचं महत्त्व पटलं. तुझ्या तोंडावर ते दिसत होतं आणि मी ते पुसलं नाही. नियमबियम काही नाही, बाई. तू माझ्या ओट्याजवळच्या स्टुलावर बसली होतीस, पाय सुजले होते तुझे, मागे टोपलीत मासळी होती तरी नाकाला पदर लावला नव्हतास. मी ते बघितलं आणि तुझं ऐकलं. एवढंच.

मग मी मासळी सुकवायला मोऱ्याला गेले, भावाच्या घरी. साठी कधीच उलटलेली बाई माहेरी जाऊन बोंबील सुकवते म्हणून वहिनी हसल्या. तू रोज संध्याकाळी फोन करायचीस. काय चाललंय, ऊन कसं आहे, जवळा पलटला का. एवढी चौकशी माझ्या मुलाने कधी केली नाही. एकदा विचारलंस, परत कधी येणार? मी म्हटलं, ऊन संपलं की. तू म्हणालीस, तुमच्याशिवाय भांडायला कोणी नाही इथे, सावंत लगेच हो म्हणतो.

मी परत आले तोवर तुझे पाय जास्त सुजले होते. मीटिंग पुढे ढकलली, कारण सेक्रेटरी दवाखान्यात. मग पुन्हा ढकलली. तुझं दुखणं काय होतं ते मी इथे लिहीत नाही, तुला आवडलं नसतं. तुला घरी आणल्यावर भेटायला आले की तू विचारायचीस, मीटिंग झाली का? मी म्हणायचे, तू बरी हो, मग होईल. शेवटी शेवटी तू बोलायची बंद झालीस, पण मी गेले की डोळ्यांनी तेच विचारायचीस. तुला सांगायला माझ्याकडे काही नसायचं. मी पेटीवरची धूळ पुसून यायचे.

असं होतं ते. म्हणून शोकसभेत सावंतचं बोलणं माझ्या डोक्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. त्याने चहा दिला. मी सगळं सांगितलं, पूर्वेचा कोपरा, जाळी, संध्याकाळी खाली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "आजी, बाईंनी असं लिहून दिलंय का कुठे?"

नाही दिलं. तू म्हणायचीस, मीटिंगमध्ये मी तोंडी मांडते, आधी कागद फिरवला की लोक आधीच ठरवून येतात.

तो म्हणाला, "तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण तुमचा त्यात स्वार्थ आहे ना."

मी म्हटलं, हाय. नाय कुठं बोलते? स्वार्थ हाय म्हनून ते खोटं होतं का?

त्याने मला रविवारच्या मीटिंगमध्ये बोलू देतो असं कबूल केलं. शब्द पाळला. काल ती मीटिंग झाली. तू गेल्यानंतरची पहिली.

मी उभी राहिले. गुडघे दुखत होते, पण बसून बोललं की लोकांना वाटतं म्हातारी रडगाणं गाते. मी तुझ्या आजारपणाबद्दल बोलले नाही. तू मला काय कबूल केलं होतंस तेही आधी सांगितलं नाही. मी पिशवीची गोष्ट सांगितली. की ज्या बाईने हा नियम लिहिला, तिने पाऊस आला तेव्हा माझी मासळी आपल्या हाताने उचलली. फोटो काढायला गेलेली बाई फोटो न काढता मासळी घेऊन खाली आली. नियमाने तिला असं करायला सांगितलं नव्हतं. मागे बसलेल्या बायका हसायला लागल्या. नीलिमा पुण्याहून आली होती, घर आवरायला. ती म्हणाली, "खरं आहे. त्या दिवशी आईने दोनदा आंघोळ केली." पुन्हा हसले सगळे. पण नियम बदलायच्या तुझ्या बेताचं तिला काही माहीत नव्हतं. तू तिला सांगितलं नव्हतंस.

मग मी तुझं म्हणणं सांगितलं. कोपरा, जाळी, एक महिना.

तिसऱ्या मजल्यावरचा तो चष्मेवाला, औषध कंपनीतला, म्हणाला, आजी, आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे. पण बाईंचा नियम आपण बाई गेल्यावर महिन्याभरात बदलला, तर कसं दिसेल?

मी म्हटलं, "बाईचा नियम, बाईचा नियम काय लावलंय? ती जिती होती तवा तुमी तिला बोलायचात, काय ह्या बाईची कटकट. आता ती बोलू शकत नाय तर तिचं सगलं बरोबर."

सावंतने हात वर करायला सांगितले. बदलाच्या बाजूने माझा हात, माझ्या मुलाचा, खालच्या मजल्यावरच्या दोघी बायकांचा. आणि नीलिमाचा. तुझा फ्लॅट आता तिच्या नावावर होणार, पण अजून झालेला नाही. म्हणून तिचा हात धरता येणार नाही असं सावंत म्हणाला. नियम आहे. तिने हात खाली घेतला नाही, तसाच ठेवला, शेवटपर्यंत. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझं बोलणं बिघडलं असतं.

हरलो. चांगलेच हरलो.

उतरताना जिन्यात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आता म्हातारी दोरी बांधणार, असं प्रत्येकाच्या मनात. माझा मुलगाही म्हणाला, बांध तू, बघू कोण काय करतं ते. पूर्वीची मी असते तर आज सकाळीच बांधली असती. हौसेने, सगळ्यांच्या नाकावर.

नाही बांधली. पण गप्पही बसले नाही. सावंतकडे परत गेले आणि कमिटीसाठी माझं नाव दिलं. तुझी जागा रिकामी आहे ना. तो आधी थट्टा समजला. मग म्हणाला, "आजी, कमिटीत आलात की सगळे नियम तुम्हालाच आधी पाळावे लागतील."

"गेल्या वर्षापासून पालते," मी म्हटलं. "तू नोटिसा बघ. एक तरी हाय का माज्या नावाची?"

त्याने नाव लिहून घेतलं. शिक्षण विचारलं. चौथी, मी म्हटलं, आणि पुढचं कुमुदबाईकडे. ते त्याने लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी हा बदल मी पुन्हा मांडणार. हरले तर त्याच्या पुढच्या वर्षी. माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि ह्या इमारतीत भांडायला फुकट वेळ असलेली मी एकटी आहे. चष्मेवाला कधीतरी कंटाळेल.

आता आपला वाद. तो तू अर्धा टाकून गेलीस, म्हणून शेवटचं बोलणं माझं. ओबे माणसाला आणि नियमाला एकच, असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं अजून तेच आहे, दोन आहेत. गेल्या वर्षी मी दोरी बांधली नाही, ते तुझं ऐकलं. तुला पाळल्यासारखं वाटलं, पण ते ऐकणं होतं, कारण तू समोर होतीस. ह्या वर्षी तू नाहीस. मेलेल्या माणसाचं ऐकायचं नसतं, हे मीच तुला सांगितलं होतं, आणि मी माझं बोलणं फिरवत नाही. म्हणून ह्या वर्षी मी तुझं ऐकत नाही. ह्या वर्षी मी नुसता नियम पाळते आहे. फळ्यावरचा कागद, ज्याला माझं तोंड दिसत नाही. पाळणं हे ऐकण्यापेक्षा फार जड आहे, बाई. तू शाळेत सगळा जन्म हे कसं केलंस?

भाच्याचा फोन आला होता. बोंबील आलेत. सकाळी मी मोऱ्याला निघते. संध्याकाळी कोणाचा फोन येणार नाही, ते माहीत आहे. स्वराला सांगितलं आहे, तू कर, आणि विचार, जवळा पलटला का.

पिशवी भरून ठेवली आहे. दोरी घेतली, कोयता घेतला, मीठ तिथे मिळेल. परत येताना मासळी भरायला कापडाची थैली घेतली आहे. कापडाचीच लागते, बाई. प्लास्टिकची चालत नाही.